‘विसरून जा’ सांगून ट्रॉमा का जात नाही? महिलांसाठीची ट्रॉमा थेरपी नेमकी कशी चालते?

‘झालं ते झालं. आता त्याचा विचार करू नकोस.’

नवऱ्याची मारहाण सोसून बाहेर पडलेल्या, लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या किंवा लहानपणी नात्यातल्याच कुणीतरी छळलेल्या बाईला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. सांगणारी माणसं परकी नसतात. आई असते, मावशी असते, जिवाभावाची मैत्रीण असते. त्यांना तिचं भलंच हवं असतं. तरीही गेल्या चार-पाच दशकांत मानसोपचाराच्या क्षेत्रात जे हाती लागलं, त्याच्या अगदी उलट जाणारा हा सल्ला आहे. आठवण टाळत राहिलं की ती विरत नाही, उलट ताजी राहते. ट्रॉमा थेरपीचं बहुतेक काम याच गोष्टीभोवती फिरतं.

मालिका-सिनेमांत बाई डॉक्टरसमोर एकदा धाय मोकलून रडली की पुढच्या सीनमध्ये बरी झालेली असते. प्रत्यक्षात हे काम बरंच शिस्तीचं आणि काही वेळा शाळेच्या गृहपाठासारखं कंटाळवाणंही असतं. ते कसं चालतं, महाराष्ट्रात कुठे मिळतं आणि कुठे अडतं, हे पाहूया.

ट्रॉमा कशाला म्हणायचं?

हायवेवर ‘ट्रॉमा केअर सेंटर’ अशी पाटी दिसते, तिथला ट्रॉमा शरीराचा असतो. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ जखम. मानसशास्त्रात तो अशा प्रसंगासाठी वापरतात, ज्यात जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका निर्माण झाला, लैंगिक अत्याचार झाला किंवा दुसऱ्या कुणावर हे गुदरताना डोळ्यांनी पाहावं लागलं. मराठीत ‘मानसिक आघात’. हल्ली रील्समध्ये ब्रेकअपपासून बॉसच्या ओरडण्यापर्यंत सगळ्यालाच ‘ट्रॉमा’ म्हटलं जातं. ते दुःख खोटं नाही, पण या लेखात आपण बोलतोय तो ट्रॉमा वेगळा.

आघात झालेल्या प्रत्येकीला आजार होतोच असं नाही. पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, सारखं रडू येणं हे स्वाभाविक आहे. अनेकींचं ते हळूहळू कमी होतं. महिना उलटला तरी त्रास तसाच राहिला, रोजचं जगणं अडायला लागलं, तर डॉक्टर पीटीएसडी म्हणजे ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ची शक्यता तपासतात. यात प्रसंग नुसता आठवत नाही, तो पुन्हा घडतोय असं वाटतं. एखादा वास, जिन्यावरच्या पावलांचा आवाज, दारूचा भपका पुरतो. मग ती वाट, ते गाव, तो विषय टाळणं सुरू होतं. झोपेत दचकणं, क्षुल्लक कारणावरून भडकणं, पाठीमागे कुणी उभं राहिलं तर घाम फुटणं, आणि ‘मीच वाईट आहे’, ‘कुणावरच भरवसा ठेवता येत नाही’ अशी मनाची पक्की समजूत होणं.

पुरुषांच्या तुलनेत महिलांमध्ये पीटीएसडीचं प्रमाण साधारण दुप्पट आढळतं. बायका नाजूक असतात, असा याचा अर्थ अजिबात नाही. आघाताचा प्रकार हे यामागचं एक मोठं कारण आहे. लैंगिक हिंसेनंतर पीटीएसडी होण्याचा धोका अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीनंतरच्या धोक्यापेक्षा बराच जास्त असतो. शिवाय पूर एकदा येऊन जातो. घरातला हिंसक माणूस मात्र रोज संध्याकाळी परत येतो. वर्षानुवर्षं चाललेल्या अशा छळानंतर स्वतःबद्दलची किंमतच नाहीशी होते, भावनांवर ताबा राहत नाही, नाती टिकत नाहीत. या अवस्थेला ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ म्हणतात आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तिला स्वतंत्र जागा मिळाली आहे.

आपल्याकडची अडचण अशी, की बाई डॉक्टरकडे ‘मला ट्रॉमा आहे’ असं सांगत येत नाही. ती पाठ दुखते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, पांढरं पाणी जातं, असं सांगते. गोव्यात महिलांमध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पांढरं पाणी जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण-त्रासाशी जास्त घट्ट असल्याचं दिसलं होतं. असा त्रास असलेली बाई गोळ्या घेऊन घरी जाते, महिन्याभराने पुन्हा तीच तक्रार घेऊन येते, आणि मूळ कारण कुणी विचारतच नाही.

मुळात महिलांवरच घडलेली थेरपी

पीटीएसडी हे नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली आलं. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता, म्हणून अजूनही अनेकांना हा ‘सैनिकांचा आजार’ वाटतो. पण त्याआधी १९७४ मध्ये अॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बॉस्टनच्या हॉस्पिटलमध्ये बलात्कारानंतर आणल्या जाणाऱ्या महिलांचा अभ्यास करून अगदी याच लक्षणांचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. पुढे एडना फोआ आणि पॅट्रिशिया रेसिक या मानसशास्त्रज्ञांनी ज्या दोन उपचारपद्धती उभ्या केल्या, त्यांच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या चाचण्याही बलात्कारातून वाचलेल्या महिलांसोबतच झाल्या. आज माजी सैनिकांना जी थेरपी दिली जाते, तिचा बराचसा पाया या महिलांनी घातलेला आहे. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागतं का?

नाही. थेरपीला जायला घाबरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, म्हणून हे आधी स्पष्ट करायला हवं. पोलिसांत जबाब दिलेल्या, कोर्टात उलटतपासणीला उभ्या राहिलेल्या बाईला पुन्हा कुणीतरी ‘काय झालं ते सांगा’ म्हणणार, या कल्पनेनेच नको होतं. पण जबाबाची गरज खटल्याला असते, थेरपीला नसते.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवणीशी सामना आणि त्यासोबत येणारा शोक, आणि शेवटी पुन्हा माणसांत येणं. आजही अनेक थेरपिस्ट हा क्रम मानतात. पहिल्या काही भेटींत बाईला झोप लागते का, राहायला सुरक्षित जागा आहे का, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे पाहिलं जातं. फ्लॅशबॅक आला तर वर्तमानात कसं परतायचं, हे शिकवलं जातं. याला ‘ग्राउंडिंग’ म्हणतात. समोर दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजा, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. पोरखेळ वाटेल, पण भीतीने शरीराचा ताबा घेतलेला असताना मेंदूला ‘आज काय वार आहे, मी कुठे आहे’ याची आठवण करून द्यायला एवढं साधंच काहीतरी लागतं.

किती सांगायचं, कधी थांबायचं, हे ती ठरवते. आघाताच्या क्षणी तिच्याकडून जी गोष्ट हिसकावली गेली ती म्हणजे स्वतःवरचा ताबा. थेरपीच्या खोलीतही तो तिच्या हातात नसेल, तर ती थेरपी काय कामाची?

‘मी ओरडले का नाही?’

रेसिक यांच्या पद्धतीला ‘कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी’, थोडक्यात सीपीटी म्हणतात. साधारण १२ सेशन्स. ती कशी चालते हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, एका बाईवर विशीत असताना ऑफिसमधल्या वरिष्ठाने अत्याचार केला. आज ती चाळिशीला आली आहे. संसार आहे, नोकरी आहे. पण बंद दाराच्या केबिनमध्ये तिला बसवत नाही, बढतीची मुलाखत ती दोनदा टाळते. तिच्या डोक्यात वीस वर्षं एकच वाक्य फिरतंय, ‘मी ओरडले नाही, म्हणजे चूक माझीच.’

सीपीटीमध्ये अशा वाक्याला ‘अडकलेला विचार’ मानतात. गाडी चिखलात रुतते तसं मन तिथे रुतलेलं असतं. थेरपिस्ट ‘छे, तुमची काही चूक नाही’ असं म्हणून विषय संपवत नाही. ते तर नातेवाईकही सांगून थकलेले असतात. ती प्रश्न विचारते. ओरडलं तर काय होईल, असं तुम्हाला त्या क्षणी वाटत होतं? मजल्यावर दुसरं कोण होतं? ‘ओरडायला हवं होतं’ हा विचार तेव्हा आला की नंतर? हेच तुमच्या मुलीच्या बाबतीत झालं असतं, तर तिला काय म्हणाला असता? बाई घरी जाऊन एका कागदावर तो विचार, त्याच्या बाजूचे पुरावे, विरुद्ध बाजूचे पुरावे लिहून आणते. पुढच्या भेटीत त्यावर पुन्हा चर्चा. हळूहळू दोष जिथला आहे तिथे, म्हणजे करणाऱ्यावर, जाऊन बसतो. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर तिने स्वतः तपासून काढलेला निष्कर्ष म्हणून.

इथे शरीराचं शास्त्रही मदतीला येतं. संकटात माणूस लढतो किंवा पळतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. तिसरा प्रकार म्हणजे गोठणं, हा कमी सांगितला जातो. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या क्लिनिकमध्ये आलेल्या २९८ महिलांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के महिलांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचं सांगितलं, आणि ज्या गोठल्या होत्या त्यांना पुढे पीटीएसडी होण्याचं प्रमाण जास्त होतं. ‘विरोध का केला नाही?’ हा प्रश्न पोलीस, वकील, सासू आणि स्वतः ती बाई, सगळेच विचारतात. त्याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं, की शरीराने परवानगीच दिली नाही.

बाकीच्या पद्धती

फोआ यांच्या पद्धतीचं नाव ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’. यात टाळलेल्या गोष्टींची यादी करून त्यांना भीतीप्रमाणे गुण देतात आणि सोप्यापासून सुरुवात करून एकेक पायरी चढतात. आधी मैत्रिणीसोबत लिफ्टने एक मजला, मग एकटीने. खरोखर धोक्याच्या ठिकाणी जायला कुणी सांगत नाही. सोबतच सेशनमध्ये डोळे मिटून प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा असतो, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं असतं. ऐकायला क्रूर वाटतं, आणि पहिल्या काही वेळा खरंच जड जातं. पण भुताचा सिनेमा दहाव्यांदा पाहताना जशी धडकी भरत नाही, तसं काहीसं आठवणीचं होतं. ती पुसली जात नाही. ती ‘तेव्हा घडलेली गोष्ट’ बनते.

‘ईएमडीआर’ ही पद्धत फ्रान्सिन शॅपिरो यांनी १९८७ पासून विकसित केली. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांकडे डोळ्यांनी पाहायचं. इथे सगळा तपशील तोंडाने सांगावा लागत नाही, त्यामुळे अनेक जणींना ती सोपी जाते. तिचा उपयोग होतो याचे पुरावे चांगले आहेत. डोळे हलवण्यामुळेच तो होतो का, यावर मात्र तज्ज्ञांत अजून वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ट्रॉमावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली.

निर्वासितांसोबत काम करताना घडलेली एक पद्धत मला सगळ्यात भावली. तिचं नाव ‘नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी’. जमिनीवर एक दोरी अंथरतात, ती म्हणजे तुमचं आयुष्य. वाईट प्रसंगांच्या जागी दगड ठेवायचे, चांगल्या प्रसंगांच्या जागी फुलं. मग एकेका दगडाबद्दल क्रमाने सविस्तर बोलायचं. लिहिता-वाचता येत नसलं तरी हे जमतं.

आणि गोळ्या? नैराश्यावरच्या काही गोळ्यांचा पीटीएसडीत उपयोग होतो आणि मानसोपचारतज्ज्ञ त्या थेरपीसोबत देऊ शकतात. झोपेच्या किंवा ‘टेन्शनच्या’ म्हणून मिळणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मात्र पीटीएसडीचा उपचार नाहीत आणि त्यांची सवय लागते. त्या आधीपासून चालू असतील तर मनाने अचानक बंदही करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

काँगोच्या गावांमधून आलेलं उत्तर

हे सगळं शहरातल्या, शिकलेल्या, पैसेवाल्या बायकांसाठी, असा आक्षेप घेतला जातो. त्याला सगळ्यात ठोस उत्तर काँगोच्या पूर्व भागातून आलं. तिथे संघर्षाच्या काळात लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांना गटात बसवून सीपीटी दिली गेली. गावात मानसशास्त्रज्ञ नव्हते. थेरपी देणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्या होत्या, जेमतेम माध्यमिक शिक्षण झालेल्या. त्यांना प्रशिक्षण आणि देखरेख मिळाली. अनेक महिलांना लिहिता येत नव्हतं, म्हणून कागदावरचा गृहपाठ तोंडपाठ करता येईल असा सोपा केला गेला. तुलनेसाठी दुसऱ्या काही गावांत वैयक्तिक आधार आणि समुपदेशन दिलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर थेरपीच्या गटात ९ टक्के महिलांमध्ये नैराश्य किंवा चिंतेच्या आजाराची लक्षणं उरली होती, नुसता आधार मिळालेल्या गटात ४२ टक्के. पीटीएसडीचे निकालही याच दिशेचे होते.

भारतात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. ‘तज्ज्ञच नाहीत, काय करणार’ हे कारण म्हणूनच खरं आहे, पण पुरेसं नाही, असं मला वाटतं. आशाताई, समुपदेशक, संस्थांच्या कार्यकर्त्या आपल्याकडे आहेत. प्रशिक्षण कोण देणार आणि देखरेख कोण करणार, हा खरा प्रश्न.

या थेरपीने सगळ्याच बऱ्या होतात का? नाही. काही जणी मध्येच सोडतात, काहींचा त्रास कमी होतो पण जात नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत स्वप्नं वाढू शकतात. हे आधीच सांगणारा थेरपिस्ट प्रामाणिक समजा.

मारहाण अजून सुरूच असेल तर?

‘पोस्ट ट्रॉमॅटिक’मधला ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या महिलांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के महिलांनी नवऱ्याची हिंसा सोसलेली आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झालेल्या महिलांपैकी देशभरात ७७ टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. त्यातल्या अनेकींसाठी आघात भूतकाळात गेलेलाच नाही. अशा वेळी भीती कमी करण्याआधी धोका कमी करावा लागतो. कुठे जायचं, कागदपत्रं आणि थोडे पैसे कुठे ठेवायचे, मुलांचं काय, याचं नियोजन आधी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि जिल्ह्याचं ‘सखी वन स्टॉप सेंटर’ ही पहिली दारं. लगेच धोका असेल तर ११२.

महाराष्ट्रात कुठे जायचं?

फोनने सुरुवात करायची असेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही हेल्पलाइन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग चालतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ‘मनोरुग्णालय’ या शब्दालाच लोक बिचकतात, पण तिथे ओपीडीही असते. फक्त गर्दीच्या ओपीडीत दर आठवड्याला तासभर मिळणं अवघड, हे आधीच धरून चला.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. हिंसेला तोंड देणाऱ्या महिलांना रुग्णालयातच समुपदेशन मिळावं, ही त्यामागची कल्पना. पुढे ती महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेली. हे नियमबद्ध ट्रॉमा थेरपीपेक्षा वेगळं काम आहे, पण ‘सुरक्षितता’ या पहिल्या टप्प्यासाठी मोलाचं. बलात्कार आणि अ‍ॅसिड हल्ल्याच्या प्रकरणांत राज्याची ‘मनोधैर्य’ योजना (२०१३) आर्थिक मदत देते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारावं.

खासगीत एका सेशनला साधारण हजार-दीड हजारापासून पुढे मोजावे लागतात. दीड हजार धरले तरी बारा भेटींचे अठरा हजार झाले, तेही हातात स्वतःचा पैसा नसलेल्या बाईने. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितलं आहे. पण बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच्या खर्चाच्या असतात आणि थेरपी ओपीडीत होते. पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का, ते बघा.

थेरपिस्ट निवडताना संकोच न करता विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असतो. ट्रॉमासाठी कोणती पद्धत वापरता, तिचं प्रशिक्षण कुठे घेतलं, साधारण किती भेटी लागतील, हे प्रश्न उद्धट नाहीत. ‘पहिल्याच भेटीत सगळं सांगा’, ‘माफ करून टाका म्हणजे सुटाल’ किंवा ‘एका सेशनमध्ये मोकळं करतो’ असं म्हणणाऱ्यापासून उठून यायला हरकत नाही.

थेरपी घ्यायला पोलिसांत तक्रार केलेली असावी लागत नाही. याच कायद्याच्या कलम २३ ने उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असल्यासारखे मोजके अपवाद त्याला आहेत. मुलगी १८ वर्षांखालची असेल, तर मात्र पॉक्सो कायद्यामुळे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं थेरपिस्टवर बंधनकारक असतं. हे बोलण्याआधी माहीत असलेलं बरं.

राहिली घरची माणसं. ‘आज काय बोललीस?’ असं सेशनवरून आल्यावर विचारू नका. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. त्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्या कुणी केला, मुलांना शाळेतून आणलं, तर त्याची मदत जास्त होते. आणि गृहपाठाची वही घरात कुणाच्या हाती लागेल अशी भीती असेल, तर ती थेरपिस्टकडेच ठेवता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.